यूट्यूब चालतं, मग मीटिंग का अडते?

वाचकांच्या पत्रांत एक तक्रार सतत असते, शब्द तेवढे बदलतात. “घरातलं इंटरनेट सुरू आहे, मुलगी शेजारच्या खोलीत यूट्यूब बघतेय, पण माझं टीम्स ‘कनेक्टिंग’ म्हणत नुसतं फिरतंय.” “झूमची लिंक दाबली की पांढरा पडदा.” “स्लॅकवर उत्तर लिहून पाठवलं, ते गेलंच नाही आणि साहेबांना वाटलं मी गप्प बसलो.” पुढच्या ओळीत काय काय करून पाहिलं याची यादी असते. ॲप काढून पुन्हा टाकलं, राउटर बंद-चालू केला, पासवर्ड बदलला, अँटिव्हायरस बंद केला, तेही सगळं एका दमात. मग सुरू झालं तरी कशामुळे झालं हे कळत नाही. नाहीच झालं, तर मूळ बिघाडात बदललेल्या पासवर्डचा नवा घोळ मिसळलेला असतो.

म्हणून दोन गोष्टी धरून चला. आधी मीटिंग गाठा, दुरुस्ती नंतर करा. आणि दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. टीम्स, झूम, गुगल मीट, स्लॅक, तुमच्या ऑफिसात यांतलं काहीही असो, क्रम हाच राहतो.

मीटिंग सुरू झालीय आणि तुम्ही बाहेर आहात

1. फोनचं वाय-फाय बंद करा आणि मोबाइल डेटावरून त्याच मीटिंगमध्ये जा. कॅमेरा बंद ठेवा. नुसत्या आवाजाला झूमच्या हिशेबाने सेकंदाला ६० ते ८० किलोबिट पुरतात, म्हणजे यथातथा ४जीवरही बोलणं होतं.
2. फोनवर ॲप नसेल, तर लॅपटॉपवरच क्रोम किंवा एजमध्ये लिंक उघडा. लिंक ॲप उघडायला सांगते, पण खाली ब्राउझरमधून जाण्याचा पर्यायही असतो. बरेच जण तो पाहतच नाहीत.
3. आमंत्रणात फोन नंबर दिला असेल, तर साधा कॉल लावा आणि मीटिंगचा क्रमांक दाबा. टीम्स, झूम आणि मीट तिन्हींत स्टार ६ दाबलं की आवाज बंद-चालू होतो.
4. एका सहकाऱ्याला एका ओळीचा निरोप द्या: “नेटची अडचण आहे, फोनवरून येतेय.” दहा मिनिटं गायब राहून मग सविस्तर खुलासा करण्यापेक्षा ही ओळ कामाची.

याची तयारी मात्र आधी हवी. आज निवांत असताना फोनवर ऑफिसचं ॲप टाका आणि एकदा लॉग-इन करून ठेवा. नाहीतर ऐन वेळी ऑथेंटिकेटरचा आकडा मागितला जातो आणि तो कुठं दिसतो हेच आठवत नाही.

दोष चारपैकी एका ठिकाणी असतो

तुमचं यंत्र, तुमचं नेटवर्क, ऑफिसचं फाटक (म्हणजे खातं, व्हीपीएन, फायरवॉल) किंवा सेवा देणाऱ्या कंपनीचे सर्व्हर. पाच-सात मिनिटांत यातलं कोणतं हे ठरवता येतं.

- लॅपटॉप तोच, नेट फोनच्या हॉटस्पॉटचं. चाललं, तर दोष घरच्या वाय-फायचा किंवा नेट पुरवणाऱ्याचा.
- वाय-फाय तेच, ऑफिसचं खातं फोनवर. चाललं, तर लॅपटॉप किंवा त्यावरचं ॲप बिघडलंय. ही चाचणी करताना फोनचा मोबाइल डेटा बंद ठेवा. वाय-फाय कमजोर झालं की फोन गुपचूप डेटावर जातो आणि तुमचा निष्कर्ष चुकतो.
- लॅपटॉप आणि वाय-फाय तेच, ब्राउझरची प्रायव्हेट खिडकी. चाललं, तर ॲपच्या किंवा ब्राउझरच्या साठलेल्या फायलींत गडबड आहे.
- व्हीपीएन काढून. ऑफिसची परवानगी असेल तरच. चाललं, तर दोष फाटकावर.
- दुसऱ्या गावातल्या सहकाऱ्याला विचारून. त्याचंही बंद असेल, तर तुम्ही हातातलं सगळं खाली ठेवा.

यूट्यूब चालतं आणि मीटिंग नाही, याचं कारण इथं थोडक्यात सांगायला हवं. यूट्यूब पुढचा काही सेकंदांचा व्हिडिओ आधीच ओढून ठेवतं, त्यामुळे मध्ये नेट अडखळलं तरी तुम्हाला कळत नाही. समोरच्याचं बोलणं आधी ओढून ठेवता येत नाही, तिथं प्रत्येक अडखळणं ऐकू येतं. शिवाय आवाज आणि चित्र वेगळ्या दारांनी जातं. टीम्स त्यासाठी यूडीपीचे ३४७८ ते ३४८१ हे पोर्ट वापरतं, झूम ८८०१ ते ८८१०. हॉस्टेल, हॉटेल, बँक किंवा महाविद्यालयाच्या नेटवर्कवर हे पोर्ट बंद असले, की वेबसाइट उघडतात, चॅटही चालतं, पण मीटिंगमध्ये आवाज तुटतो किंवा येतच नाही. हे लक्षण दिसलं तर तुमच्या लॅपटॉपवर वेळ घालवू नका, तिथल्या नेटवर्क सांभाळणाऱ्याला हे पोर्ट नंबर द्या.

यातूनच दुसरा मुद्दा निघतो. मीटिंग अडते म्हणून अनेक जण १०० एमबीपीएसचा प्लॅन सोडून ३०० चा घेतात. हे पैसे बहुतेक वेळा वाया जातात. टीम्सच्या ग्रुप व्हिडिओसाठी मायक्रोसॉफ्टची शिफारस अपलोडला अडीच आणि डाउनलोडला ४ एमबीपीएसची आहे. महत्त्वाचा असतो तो स्थिरपणा: माहिती जाऊन परत यायला १०० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ, त्यात ३० मिलिसेकंदांपेक्षा कमी चढउतार आणि गळती एक टक्क्याच्या आत. स्पीड टेस्ट करताना मोठ्या आकड्याऐवजी ‘पिंग’ (जाऊन परत येण्याचा वेळ) आणि ‘जिटर’ (त्यातला चढउतार) पाहा. मीटिंग सुरू असतानाही हे पाहता येतं. टीम्सच्या मीटिंगमधल्या सेटिंग्जमध्ये ‘कॉल हेल्थ’, झूमच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टॅटिस्टिक्स’, मीटच्या तीन टिंबांखाली ‘ट्रबलशूटिंग’.

दोष घरच्या नेटवर्कचा निघाला तर

आधी राउटरचे दिवे बघा. फायबरच्या डबीवर ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर बाहेरून प्रकाशच येत नाहीये: तार तुटलीय, वाकलीय किंवा जोड सुटलाय. राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. तक्रार नोंदवा. तारेचं टोक स्वतः उपटून पाहू नका.

राउटर सुरू आहे आणि तरीही नेट नाही, असं विशेषतः वीज गेल्यावर होतं. “इन्व्हर्टर आहे, राउटर चालू आहे, मग नेट का जातं?” हा प्रश्न सोसायट्यांत राहणारे वाचक नेहमी विचारतात. घरात येणारी वायर नीट बघा. केसासारखी बारीक फायबर थेट तुमच्या डबीत येत असेल, तर मधल्या वाटेवर बहुधा विजेची गरज नसते आणि तुमच्या इन्व्हर्टरवर नेट टिकतं. पण खटकन बसणाऱ्या पारदर्शक क्लिपची जाड लॅन केबल येत असेल, तर ती जिन्यातल्या किंवा गच्चीवरच्या एका स्विचच्या पेटीतून आलीय, आणि ती पेटी इमारतीच्या विजेवर चालते. महावितरणची वीज गेली की पेटी बंद, तुमच्या घरातला राउटर सुरू असूनही. यावर उपाय तुमच्या घरात नाही. सोसायटीच्या सचिवांनी आणि केबलवाल्याने मिळून त्या पेटीला बॅटरी बसवायची असते. चार-पाच घरांनी मिळून मागणी केली तर हे काम होतं. एकट्याने केलेली तक्रार “लाइट आली की सुरू होईल” यावर संपते.

इन्व्हर्टर नसेल, तर राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर वाचा. बरेच राउटर १२ व्होल्टचे असतात, सगळे नसतात.

बाकीचे उपाय:

- राउटर बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग सुरू करा आणि दोन मिनिटं द्या.
- राउटरजवळ बसत असाल तर ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क घ्या. भिंती आड येत असतील तर २.४ घ्या, पण त्यावर शेजाऱ्यांच्या राउटरची आणि मायक्रोवेव्हची गर्दी असते.
- मुलाखत किंवा सादरीकरण असेल, तर लॅपटॉपला लॅनची वायर लावा.
- हॉटेल, दवाखाना, विमानतळ इथलं वाय-फाय जोडलं गेलं तरी ओटीपीचं पान भरेपर्यंत नेट सुरू होत नाही. ॲप ते पान दाखवत नाही. ब्राउझर उघडून एखादी साइट टाका, ते पान समोर येईल.

दोष लॅपटॉपचा किंवा ॲपचा निघाला तर

पहिल्यांदा घड्याळ. लॅपटॉपची तारीख किंवा वेळ चुकली असेल, तर सुरक्षित जोडणी नाकारली जाते आणि चूक मात्र लॉग-इनची असल्यासारखी दिसते. टीम्समध्ये ‘सीएए२०००३’ने संपणारा कोड आला, तर मायक्रोसॉफ्टसुद्धा आधी तारीख-वेळच तपासायला सांगतं. विंडोजच्या ‘डेट अँड टाइम’मध्ये जाऊन ‘सिंक नाऊ’ दाबा आणि टाइम झोन भारताचा, म्हणजे ५:३०चा आहे ना ते बघा.

दुसरं, ‘रीस्टार्ट’. ‘शट डाऊन’ करून पुन्हा सुरू करणं आणि ‘रीस्टार्ट’ एकच, असं आपण धरून चालतो. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ सुरू असेल तर शट डाऊन केल्यावरही आतली बरीचशी अवस्था जपून ठेवली जाते आणि बिघाडही तसाच परत येतो. म्हणून मेन्यूतलं ‘रीस्टार्ट’च निवडा.

तेवढ्याने भागलं नाही, तर साठलेल्या फायली साफ करायच्या:

- टीम्स: विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, तिथं टीम्ससमोरचे तीन टिंब, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’. आधी ‘रिपेअर’, नाही जमलं तर ‘रीसेट’. रीसेटनंतर पुन्हा लॉग-इन करावं लागतं, तेव्हा पासवर्ड आणि ऑथेंटिकेटरचा फोन जवळ असू द्या.
- स्लॅक: ‘हेल्प’, मग ‘ट्रबलशूटिंग’, मग ‘क्लिअर कॅश अँड रीस्टार्ट’. न गेलेला मेसेज त्याआधी दुसरीकडे उतरवून घ्या.
- झूम: ॲप अद्ययावत करा. मग ब्राउझरमध्ये ‘झूम डॉट यूएस स्लॅश टेस्ट’ टाकून चाचणीच्या मीटिंगमध्ये जा. तिथं आवाज-चित्र ठीक आलं, तर अडचण तुमच्याकडची नाही, त्या विशिष्ट मीटिंगची आहे.
- मीट आणि ब्राउझरमधलं टीम्स: कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबून पान नव्याने ओढा. मग एक्स्टेन्शन बंद करून बघा, जाहिराती अडवणारं सगळ्यात आधी. टीम्स लॉग-इनच्या पानावरच गोल गोल फिरत असेल, तर थर्ड-पार्टी कुकीज अडवलेल्या असण्याची शक्यता मोठी.

साफसफाईने मेसेज जातील ही भीती नको. चॅट सर्व्हरवर असतं, लॉग-इन केलं की परत दिसतं. पण तीन ठिकाणी खरंच नुकसान होतं. ब्राउझरमधलं ‘सगळं पुसा’ दाबताना पासवर्डच्या चौकटीवर खूण असेल, तर साठवलेले पासवर्ड जातात. डॉक्युमेंट्समधला झूमचा फोल्डर कचरा समजून पुसला, तर लॅपटॉपवर ठेवलेली रेकॉर्डिंग जातात. आणि विंडोजचं ‘नेटवर्क रीसेट’ केलं, तर वाय-फायचे पासवर्ड जातातच, व्हीपीएनही नव्याने बसवावं लागू शकतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर ॲप काढून टाकण्याआधीही थांबा. काढता येतं, पण परत टाकायला ॲडमिनची परवानगी लागते आणि ती शुक्रवारी संध्याकाळी मिळत नाही.

दोष ऑफिसच्या फाटकावर असेल तर

*खात्यांची गल्लत.* मीटची लिंक दाबली आणि “या कॉलमध्ये तुम्हाला येता येत नाही” असं आलं, तर बहुधा ब्राउझरने तुमचं घरचं जीमेल पुढे केलंय. उजव्या कोपऱ्यातला फोटो बघा, ऑफिसचं खातं निवडा. टीम्समध्ये दुसऱ्या कंपनीची पाहुणी म्हणून नोंद असेल, तरी असाच घोळ होतो. कायमचा उपाय सोपा आहे. क्रोममध्ये ऑफिससाठी वेगळं प्रोफाइल करा.

*नुकताच बदललेला पासवर्ड.* लॅपटॉपवर नवा, फोनवर जुना अशी अवस्था राहते, आणि फोन जुन्याच पासवर्डने प्रयत्न करत राहिला तर खातं लॉक होऊ शकतं. पासवर्ड बदलला की सगळ्या यंत्रांवर त्याच दिवशी लॉग-इन करा.

*व्हीपीएन.* मायक्रोसॉफ्टचं एक भारतीय डेटा केंद्र पुण्यात आहे. तरीही तुमच्या कंपनीचं व्हीपीएन अमेरिकेतून बाहेर पडत असेल, तर हिंजवडीतल्या माणसाचं बाणेरमधल्या माणसाशी बोलणं समुद्रापार जाऊन परत येतं. पुण्याहून साताऱ्याला नागपूरमार्गे जाण्यातला हा प्रकार. त्यात १०० मिलिसेकंदांची मर्यादा सहज मोडते. यावर उपाय आहे: मीटिंगचा आवाज-चित्र व्हीपीएनबाहेरून पाठवायचं आणि बाकी काम आतून. याला ‘स्प्लिट टनेलिंग’ म्हणतात आणि मायक्रोसॉफ्ट स्वतः त्याची शिफारस करतं. हे तुम्हाला करता येणार नाही, आयटी विभागाला करता येतं. पण त्यांना मागणी तुम्हीच करायला हवी. “मीटिंग अडते” एवढंच न म्हणता “व्हीपीएनसह पिंग इतका, व्हीपीएनशिवाय इतका” असे दोन आकडे द्या.

कोड दिसला तर तो वाया घालवू नका. टीम्सचा ‘सीएए८२ईई२’ने संपणारा कोड म्हणजे विनंतीला वेळेत उत्तर आलं नाही. ‘सीएए८२ईई७’ म्हणजे सर्व्हरचं नावच सापडलं नाही. दोन्हींत आधी नेट, मग फायरवॉल. झूमचा ५००३ हाही जोडणी अडल्याचा. ब्राउझरमध्ये ४०७ दिसलं तर ऑफिसचा प्रॉक्सी ओळख मागतोय, आणि ५०२, ५०३, ५०४ हे समोरच्या सर्व्हरचे.

सेवाच बंद पडली असेल तर

असं घडतं, आणि मोठ्यांच्या बाबतीतही घडतं. ३ फेब्रुवारी २०२० रोजी टीम्स काही तास बंद पडलं, कारण एका सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली होती. ४ जानेवारी २०२१ रोजी, सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी, स्लॅक कोलमडलं. २५ जानेवारी २०२३ रोजी मायक्रोसॉफ्टच्या नेटवर्कमधल्या एका राउटरला दिलेल्या आज्ञेमुळे टीम्स आणि आउटलुक जगभर अडलं. त्या दिवशी आपल्याकडे कामाची वेळ होती आणि कितीतरी लोकांनी नाहक आपापली ॲप काढून टाकली असतील.

म्हणून काहीही उपटण्याआधी त्या सेवेचं स्थिती-पान बघा. मायक्रोसॉफ्ट, गुगल, झूम, स्लॅक, सगळ्यांचं आहे. फोनवर मोबाइल डेटावरून बघा. पान सगळं हिरवं दाखवत असेल आणि तरी सहकारी ओरडत असतील, तर अर्धा तास थांबा. अशी पानं अद्ययावत व्हायला वेळ लागतो.

आयटीला कळवताना

“टीम्स चालत नाही” या तक्रारीवर पहिलं उत्तर “रीस्टार्ट करा” असंच येणार, कारण त्यात दुसरं काही करण्याजोगं नसतं. असं लिहा:

“आज सकाळी १०:४० पासून टीम्समध्ये चॅट येतं, मीटिंगमध्ये आवाज येत नाही. घरच्या वाय-फायवर व्हीपीएनसह अडतं, हॉटस्पॉटवर व्हीपीएनसहही अडतं, व्हीपीएनशिवाय चालतं. रीस्टार्ट केलं, घड्याळ बरोबर आहे. स्क्रीनशॉट आणि लॉग सोबत.”

टीम्सचा लॉग विंडोजवर कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि १ एकत्र दाबल्यावर डाउनलोड्समध्ये उतरतो. त्यात तुमच्या खात्याची माहिती असते, त्यामुळे तो फक्त ऑफिसच्या आयटीलाच पाठवा.

फसवणुकीपासून जपा

अडलेला माणूस घाईत असतो आणि फसवणारे त्याचीच वाट पाहतात. गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून सापडलेल्या नंबरावर फोन करू नका. फोनवरच्या माणसाने एनीडेस्क किंवा तत्सम ॲप टाकायला सांगितलं, तर फोन ठेवा. “मीटिंगसाठी हे अपडेट टाका” म्हणून मेलमधून आलेली फाइल उघडू नका. अपडेट ॲपमधून, अधिकृत साइटवरून किंवा ऑफिसच्या आयटीकडूनच घ्या. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, पहिल्या काही तासांतच रक्कम अडवण्याची शक्यता जास्त असते. ऑफिसच्या लॅपटॉपवर असं काही घडलं असेल, तर लाजून लपवू नका, आयटीला त्याच क्षणी सांगा.

तुमचे हक्क

नेट पुरवठादाराशी नुसतं फोनवर बोलून थांबू नका. तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर घ्या. व्हॉट्सॲपवर केबलवाल्याला पाठवलेला मेसेज म्हणजे तक्रार नव्हे. केबलवाला बहुतेकदा मोठ्या कंपनीचा स्थानिक भागीदार असतो, बिलावर ज्या कंपनीचं नाव आहे तिच्याकडे नोंद करा.

- तक्रारीचं निराकरण झालं नाही किंवा पटलं नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. त्याला शुल्क नाही, आणि निर्णय ३९ दिवसांत व्हायला हवा. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१२ च्या नियमांत ही तरतूद आहे.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही बोलता येतं.
- ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथं चालत नाहीत असं पूर्वी सांगितलं जायचं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ते फेटाळलं.
- वेगाची तक्रार असेल, तर ट्रायच्या ‘मायस्पीड’ ॲपवर वेगवेगळ्या वेळी केलेल्या नोंदी जोडा.

ऑफिसशी असलेल्या व्यवहारातही लेखी नोंद तुमच्या बाजूने उभी राहते. नेट गेल्यामुळे गैरहजेरी लागली, तर डॉकेट नंबर आणि स्थिती-पानाचा स्क्रीनशॉट मेलला जोडा. घरून काम करण्याच्या धोरणात इंटरनेट भत्ता आहे का, हे एचआरला लेखी विचारा.

आणि स्वतःच्या फोनवर ऑफिसचं ॲप टाकताना येणारा परवानगीचा पडदा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. अँड्रॉइडवर ‘वर्क प्रोफाइल’ असेल, तर कंपनीला तेवढा कप्पाच पुसता येतो, तुमचे फोटो आणि मेसेज बाहेर राहतात. ‘डिव्हाइस ॲडमिन’ची परवानगी मागितली आणि त्यात ‘सगळा डेटा पुसणे’ असं लिहिलेलं असेल, तर आधी आयटीकडून कारण विचारून घ्या. पटलं नाही, तर फोनच्या ब्राउझरमधून किंवा डायल करून मीटिंगला या.